लिंपण, शिळा आणि पांदण : सेवाग्राम–गोपुरी–पवनार परिसरातील खुल्या शिल्पांचे एक वाचन

गोषवारा

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम, गोपुरी आणि पवनार या तीन स्थळांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र ते प्रामुख्याने इतिहास, चरित्र आणि तत्त्वज्ञान या अंगांनी झालेले आहे. या स्थळी माती आणि दगड या नैसर्गिक द्रव्यांतून जे शिल्पकाम उभे आहे त्याचा कलादृष्टीने विचार त्या मानाने फारच थोडा झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात ही तीन स्थळे म्हणजे पायी चालत पाहावयाचा एक सलग शिल्पमार्ग आहे असे मानून त्यांचे वाचन केले आहे. या शिल्पांचा अर्थ वस्तूपाशी संपत नाही. लिंपणे, वाचणे, पूजणे आणि चालणे या कृतींनी तो पूर्ण होतो, आणि म्हणून त्यांच्या समीक्षेचे व जतनाचे निकष वेगळे असले पाहिजेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : उठावशिल्प, लिंपण, सेवाग्राम, गीताई मंदिर, पवनार, ग्रामकला, जतन.

१. प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य शिल्पकला दालनातून बाहेर पडून माळरानात आणि जंगलात गेली. १९६७ मध्ये रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताने गवतावरून पुन्हा पुन्हा चालून एक सरळ रेघ उमटवली आणि त्या रेघेलाच शिल्प म्हटले. १९७७ पासून इंग्लंडमधील ग्रिझडेलच्या वनात शिल्पकारांनी तेथील लाकूड, दगड आणि फांद्या वापरून कामे उभारली. १९८६ मध्ये इटलीच्या डोंगराळ भागात ‘आर्ते सेल्ला’ हा उपक्रम सुरू झाला. तेथील कलाकृती पाहण्यासाठी प्रेक्षकाला चालावे लागते आणि त्यांतील अनेक कृती काही काळाने कुजून मातीत मिसळतात. आपल्याकडील कलाविषयक लेखनात या घडामोडींचा उल्लेख ‘निसर्गकला’ किंवा ‘भूमिकला’ या नावांनी होतो आणि बहुधा ती एक परदेशी, आधुनिकोत्तर गोष्ट आहे असे गृहीत धरले जाते.

हे गृहीत तपासून पाहण्यासाठी वर्धा जिल्हा ही योग्य जागा आहे. वर्धा शहराच्या एका अंगाला सुमारे आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोपुरी आणि त्याच दिशेने पुढे धाम नदीच्या काठी पवनार आहे. चालणाऱ्या माणसाला हा सारा पल्ला एका दिवसात पायाखाली घालता येतो. या वाटेवर मातीच्या भिंतीवरचे उठावशिल्प आहे, उघड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या अक्षरशिळा आहेत आणि शेत खणताना सापडलेले प्राचीन शिल्पपट आहेत. हा कोणी आखलेला ‘शिल्पमार्ग’ नाही, तशी पाटीही कोठे नाही. तथापि ही तीन स्थळे एकत्र वाचली असता त्यांच्यातून शिल्पकलेविषयीचा एक सुसंगत विचार हाती लागतो. तो विचार मांडणे आणि त्याच्या मर्यादाही दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. काळी, पांढरी आणि पांदण

वैदर्भीय शेतकऱ्याच्या भाषेत मातीचे दोन मुख्य भेद आहेत. जिच्यात पीक येते ती काळी आणि जिच्यावर गाव वसते ती पांढरी. हा भेद रंगापुरता नाही. कापसाची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात, म्हणून ती भिंतीला चालत नाही. घराच्या भिंतीसाठी आणि लिंपणासाठी पांढरी माती लागते. तिच्यात गव्हाचा भुसा आणि शेण मिसळून, पायांनी तुडवून ती मळली जाते. तुराटी-पऱ्हाटीच्या किंवा बांबूच्या कुडावर ती थापली जाते आणि वर कवेलू येतात. जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे मातीची भिंत ही एकदा बांधून विसरण्याची वस्तू कधीच नव्हती. दर वर्षी तिची डागडुजी, लिंपण आणि सारवण करणे हा घर असण्याचाच एक भाग होता.

याच मातीतून येथील लोकशिल्पही घडले. पोळ्याचे मातीचे बैल, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मांडली जाणारी भुलाबाई, गणेशाची मूर्ती ही सारी शिल्पे करावयाची, पुजावयाची आणि पाण्यात सोडावयाची. त्यांना टिकवून ठेवण्याची कल्पना या संस्कृतीत नाही. टिकते ती करण्याची रीत. दगडाची गोष्ट याहून वेगळी. धुऱ्यावर किंवा झाडाखाली शेंदूर फासून ठेवलेला दगड पिढ्यान्‌पिढ्या तेथेच असतो, परंतु त्यालाही दर वर्षी नवा शेंदूर चढतो.

या साऱ्यांना जोडणारी वाट म्हणजे पांदण. दोन शेतांच्या मधून जाणारी, बैलगाडीच्या चाकोऱ्यांची, दोन्ही बाजूंनी झाडोरा असलेली ही वाट माणसाला घाई करू देत नाही. माती, दगड आणि पांदण हे तीन शब्द मनात ठेवून सेवाग्रामपासून आरंभ करणे सोयीचे ठरेल.

३. सेवाग्राम : लिंपणातील शिल्प

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगावला पायी गेले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नामसाम्य असल्याने टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांच्या आधी तेथे राहावयास गेलेल्या मीराबेन, म्हणजे एका ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याच्या कन्या मॅडेलिन स्लेड (१८९२–१९८२), यांनी आश्रमाच्या बांधकामात मोठा भाग घेतला. घरे परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून आणि अल्प खर्चात व्हावीत ही गांधीजींची अट होती. आज ‘बापू कुटी’ म्हणून ओळखली जाणारी कुटी मूळची मीराबेन यांची. पुढे गांधीजी ‘आदि निवास’ सोडून तेथे राहू लागले.

या कुटीच्या भिंतींवर मीराबेन यांनी मातीच्या लिंपणातच उठावशिल्प केले. ताडवर्गीय झाडे, मोर, चरखा आणि ॐ ही त्यातील आकृत्यांची सामग्री. येथे येणारा यात्रेकरू गांधीजींची बैठक, काठी, चष्मा यांच्याकडे भक्तिभावाने पाहतो आणि भिंतीवरच्या या आकृत्यांकडे ‘सजावट’ म्हणून एक दृष्टिक्षेप टाकून पुढे सरकतो. अभ्यासकांचेही बव्हंशी तेच झाले आहे. थोडे थांबून पाहिले तर या उठावाची काही वैशिष्ट्ये लक्षात येतात.

पहिले असे की, येथे भिंत आणि शिल्प यांचे द्रव्य एकच आहे. दगडी मंदिरावरील शिल्पातही ते एक असते, परंतु तेथे आकृती दगड काढून टाकून मिळते. येथे ती माती वाढवून मिळते. भिंत लिंपणारा हातच थोडा अधिक वेळ एका जागी थांबला म्हणजे झाड होते. कारागीर आणि कलावंत यांच्यातील सीमारेषा येथे बोटाच्या एका फिरकीइतकी पातळ आहे. दुसरे असे की, उठाव अत्यंत उथळ आहे. त्यामुळे तो नेहमी सारखा दिसत नाही. तिरप्या प्रकाशात आकृत्यांना कडा येतात आणि समोरून पडणाऱ्या उजेडात त्या भिंतीत विरतात. तिसरे वैशिष्ट्य विषयाचे. झाड, पक्षी आणि अवजार ही या गावच्या रोजच्या दृष्टीस पडणारी रूपे आहेत. त्यांच्यात ॐ हे एकच चिन्ह उघडपणे धार्मिक आहे आणि तेही इतर आकृत्यांहून मोठेपणा मिरवत नाही.

एका परदेशी स्त्रीने वैदर्भीय घराच्या भिंतीवर केलेले हे काम ‘ग्रामकला’ म्हणावे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर तत्कालीन कलाविचारात शोधावे लागते. १९३५ मध्ये शांतिनिकेतनात रवींद्रनाथांसाठी ‘श्यामली’ हे मातीचे घर उभे राहिले आणि नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या भिंती मातीच्या उठावशिल्पांनी सजवल्या. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी नंदलाल बोस यांनाच बोलावले आणि बांबू, गवत व स्थानिक कारागिरी यांतून सारे नगर उभे राहिले. म्हणजे सेवाग्रामची भिंत ही एकाकी लहर नव्हती. शहरी कलाशिक्षण आणि गावाची कारागिरी यांच्यातील अंतर द्रव्याच्या वाटेने कमी करण्याचा जो प्रयत्न त्या दोन वर्षांत देशात अनेक ठिकाणी चालला होता, त्याचे हे वऱ्हाडलगतचे रूप होते. फरक असा की, फैजपूरचे नगर अधिवेशन संपताच विसर्जित झाले आणि सेवाग्रामची कुटी उरली.

ती उरली ही गोष्टच समीक्षेला अडचणीत टाकणारी आहे. जी भिंत वारंवार लिंपावी लागते तिच्यावरील शिल्प ‘मूळचे’ किती? गेल्या आठ-नऊ दशकांत त्या भिंतीवर कितीतरी हात फिरले असणार. संग्रहालयशास्त्राच्या रूढ निकषाने पाहिले तर प्रत्येक लिंपणाबरोबर मूळ कलाकृती थोडी थोडी नाहीशी होते. लिंपणाच्या संस्कृतीच्या निकषाने पाहिले तर लिंपण थांबले त्या दिवशी ती नाहीशी होईल. हा तिढा शब्दांचा नाही. पहिला निकष मानला तर रासायनिक लेप, काचेचे आवरण, प्रवेशबंदी हे उपाय सुचतात. दुसरा मानला तर माती मळू शकणारा माणूस टिकवणे हाच खरा उपाय ठरतो. जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला आलेल्या इव्हान इलिच यांनी या कुटीवर जे भाषण केले त्यात माणसाने राहण्याची जागा आणि सामान साठवण्याची इमारत यांत भेद केला होता. तोच भेद येथे लावता येईल. कुटीला वस्तू मानून तिचे जतन केले तर ती सामान होते. कृती मानून केले तर ती निवास राहते.

४. गोपुरी : चालत वाचावयाच्या शिळा

सेवाग्रामहून वर्धा शहर ओलांडून नागपूर रस्त्याला लागले की गोपुरी येते. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात गोसेवेचे व्रत घेऊन येथे झोपडीत वास्तव्य केले; १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले. याच परिसरात १९८० मध्ये गीताई मंदिर सिद्ध झाले. विनोबांनी १९३०-३१ मध्ये केलेल्या गीतेच्या समश्लोकी मराठी रूपांतराचे, म्हणजे ‘गीताई’चे, अठराही अध्याय येथे उभ्या शिळांवर कोरलेले आहेत. मंदिराला छप्पर नाही, गाभारा नाही, मूर्ती नाही. शिळांच्या रांगांमधून चालत जावे आणि वाचावे, एवढाच येथला विधी.

शिल्पविचाराच्या दृष्टीने ही कल्पना असामान्य आहे. आपल्या मंदिरपरंपरेत प्रदक्षिणा ही मध्यवर्ती मूर्तीभोवती असते. येथे मध्य रिकामा आहे आणि प्रदक्षिणेचा मार्ग हेच मंदिर आहे. वाचक पाऊल टाकतो तेव्हाच श्लोक पुढे सरकतो. ओवी जात्याच्या फेऱ्याबरोबर पुढे जाते, तसे येथे अक्षर पावलाबरोबर पुढे जाते. मूर्तीऐवजी ग्रंथ आणि ग्रंथाच्या पानाऐवजी शिळा हा पालट मूर्तिपूजेविषयीच्या दीर्घ मराठी चर्चेला दिलेले एक शांत उत्तर म्हणूनही वाचता येतो. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेल्या, गीतेला मराठीत आणण्याच्या परंपरेने येथे उघड्यावर मुक्काम केला आहे.

परंतु कल्पना आणि तिची सिद्धी यांत येथे अंतर पडले आहे, हेही नोंदवले पाहिजे. शिळांची मांडणी गाय आणि चरखा यांच्या आकृतीत केलेली आहे. ही आकृती आराखड्यात किंवा उंचावरून दिसते. शिळांमधून चालणाऱ्या माणसाला ती दिसत नाही. त्याला कोणीतरी सांगावी लागते, आणि जे रूप सांगावे लागते ते शिल्प म्हणून अपुरे राहते. मीराबेन यांच्या भिंतीवरील चरखा लहान मुलालाही ओळखू येतो, कारण तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. गोपुरीचा चरखा पक्ष्याच्या उंचीवरून पाहावा असा आहे. ज्या विचारपरंपरेने सदैव शेवटच्या माणसाच्या जागी उभे राहून पाहण्याचा आग्रह धरला, तिच्या स्मारकात दृष्टीची जागा आकाशात नेऊन ठेवणे ही विसंगती आहे.

दुसरा मुद्दा द्रव्याचा. वर्धा जिल्ह्याची भूमी मुख्यतः काळ्या बेसाल्टची. येथील ग्रॅनाइट या भूमीतला नव्हे, तो बाहेरून आणावा लागलेला. अक्षरे दीर्घकाळ टिकावीत या हेतूने कठीण दगड निवडला हे समजण्यासारखे आहे. मात्र त्यामुळे सेवाग्रामच्या भिंतीत द्रव्य आणि परिसर यांचा जो अभेद आहे तो येथे उरत नाही. त्याची भरपाई काही अंशी ऋतू करतात. पावसाळ्यात शिळांच्या पायथ्याशी गवत उगवते, एप्रिल-मेच्या दुपारी दगडाला हात लावता येत नाही आणि वाचन आपोआप पहाटेवर किंवा संध्याकाळवर जाते. छप्पर नसल्यामुळे वाचनाची वेळ वाचक ठरवत नाही, ऊन ठरवते. गीताई मंदिराचे खरे सौंदर्य त्याच्या प्रतीकात्मक आराखड्यात नसून या उघडेपणात आहे, असे माझे मत आहे.

५. पवनार : शेतातून वर आलेला दगड

प्रकृती ढासळल्यामुळे मार्च १९३८ मध्ये विनोबा पवनारला आले. धाम नदीच्या पलीकडे राहणे म्हणून त्यांनी जागेला ‘परमधाम’ हे नाव दिले. तेथे शेत खणताना एकामागून एक प्राचीन शिल्पे निघू लागली. त्यांतील एक पट विनोबांनी भरत-राम भेटीचा म्हणून ओळखला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांत, बाराव्या अध्यायाच्या विवेचनात, त्यांनी लक्ष्मण हा सगुण भक्तीचा आणि भरत हा निर्गुण भक्तीचा आदर्श म्हणून मांडला होता आणि राम व भरत या दोघा भावांच्या भेटीच्या चित्राची कल्पनाही केली होती. त्यामुळे मातीतून वर आलेला तो दगड त्यांना योगायोग वाटला नाही. त्याची त्यांनी स्थापना केली. २५ मार्च १९५९ रोजी येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले आणि आश्रमाच्या परिसरातील ती शिल्पे आजही तेथील नित्य जीवनाचा भाग आहेत.

इतिहासकारांसाठी हे पट वाकाटक कलेचे महत्त्वाचे अवशेष आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजे दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर असे प्रतिपादन केले आणि या शिल्पांचा संबंध रामकथेशी व ‘सेतुबंध’ काव्याच्या कर्त्या राजाशी जोडला. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. पुढे नागपूर जिल्ह्यातील मनसर येथील उत्खननानंतर प्रवरपूर तेथे असावे असाही पक्ष पुढे आला. पटांवरील कथानकाविषयीही अभ्यासकांत एकमत नाही. म्हणजे ज्या दगडाला विनोबांनी भरत-राम म्हटले त्याची ओळख विद्वत्तेच्या क्षेत्रात अजून खुली आहे.

येथे दोन दृष्टी समोरासमोर येतात. पुरातत्त्वज्ञ म्हणेल की शिल्पे थरांची नोंद न होता शेतीच्या खणण्यात निघाली, त्यामुळे त्यांचा मूळ संदर्भ हरवला. ही तक्रार रास्त आहे आणि ती भक्तिभावाने पुसून टाकता येत नाही. आश्रमातील साधिका म्हणेल की दगडाला पुन्हा फूल मिळाले, म्हणजे त्याला संदर्भ मिळाला. समीक्षकाला या दोहोंतून एकाची निवड करण्याची गरज नाही. त्याने हे पाहावे की पवनारचे शिल्प दोनदा घडले. एकदा पाचव्या शतकाच्या सुमारास कारागिराच्या छिन्नीने आणि दुसऱ्यांदा विसाव्या शतकात ओळखण्याच्या कृतीने. हे दुसरे घडणे पुराव्याच्या कसोटीवर चुकीचे ठरू शकेल. तरीही ते कलेच्या इतिहासातील एक घटना म्हणून खरे राहील, कारण त्या ओळखीमुळेच हे दगड विक्रीला गेले नाहीत, पायरीला लागले नाहीत आणि दूरच्या दालनात क्रमांक लावून ठेवले गेले नाहीत. ज्या शेतात ते निघाले त्याच भूमीवर ते उभे आहेत. द्रव्य आणि स्थळ यांचा असा संबंध गोपुरीत नाही आणि सेवाग्राममध्येही इतक्या खोलवर नाही.

६. वाट हीच मांडणी

या तीन स्थळांना एकत्र बांधणारी गोष्ट चालणे ही आहे. गांधीजी शेगावला चालत आले. विनोबा १२ सप्टेंबर १९५१ रोजी पवनारहून दिल्लीकडे चालत निघाले आणि भूदानाची सुमारे तेरा वर्षांची पदयात्रा करून १९६४ मध्ये परतले. रिचर्ड लाँग यांनी चालण्याला शिल्प म्हटले त्याच्या कितीतरी आधी या परिसरात चालणे हे विचाराचे माध्यम झालेले होते. हे साम्य ताणू नये. लाँग यांची रेघ एका व्यक्तीच्या अनुभवाची आहे. विनोबांची वाट भूमिहीनासाठी जमीन मागण्याची आहे. मात्र शरीराच्या गतीने भूमीशी नाते जोडणे ही गोष्ट दोहोंत समान आहे, आणि त्या गतीशिवाय ही शिल्पे नीट दिसत नाहीत.

म्हणून वाटेचे काय होते हा प्रश्न कलासमीक्षेच्या बाहेरचा राहत नाही. २०२० मध्ये वर्धा–सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी कडेची जुनी झाडे तोडण्यास प्रारंभ झाला तेव्हा वर्ध्यातील नागरिकांनी त्याला विरोध केला. त्यांचा युक्तिवाद पर्यावरणाचा आणि इतिहासाचा होता. त्यात एक कलाविषयक युक्तिवादही जोडता येईल. झाडांच्या सावलीतून चालत येऊन ठेंगण्या छपराखालच्या मातीच्या भिंतीसमोर थांबणे आणि चौपदरी रस्त्यावरून वातानुकूलित गाडीने येऊन तीच भिंत पाहणे या दोन वेगवेगळ्या दृश्यानुभूती आहेत. दुसऱ्या अनुभूतीत भिंत केवळ लहान दिसते.

महात्मा गांधींच्या सार्धशताब्दीच्या आसपासच्या काळात शासनाच्या सेवाग्राम विकास आराखड्यातून या परिसरात एक भव्य चरखा आणि टाकाऊ लोखंडी भागांपासून केलेली गांधीजी व विनोबा यांची उंच शिल्पे उभी राहिली. त्यांमागील कारागिरी आणि टाकाऊ वस्तूंच्या पुनर्वापराची कल्पना यांचा आदर करूनही एक प्रश्न विचारणे भाग आहे. वर्ध्यातच मगनवाडीत राहून काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्थायित्वाचे अर्थशास्त्र’ या विषयावरील आपल्या ग्रंथात, उपसले की संपणारे साठे आणि निसर्गचक्रातून पुन्हा भरणारे प्रवाह असा भेद केला होता. लोखंड हे साठ्याचे द्रव्य आहे. माती, शेण, बांबू ही प्रवाहाची. याहून महत्त्वाचा भेद प्रमाणाचा आहे. उंच पुतळा पाहणाऱ्याला मान वर करावयास लावतो, कुटी त्याला वाकावयास लावते. महापुरुषाचा गौरव आणि त्याच्या दृश्यभाषेचा त्याग या दोन गोष्टी एकाच कृतीत होऊ शकतात, हे या नव्या शिल्पांवरून दिसते.

७. एक आक्षेप आणि त्याचा विचार

वरील विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. सिमेंटच्या घरात राहणाऱ्या प्राध्यापकाने मातीच्या भिंतीचे सौंदर्य वाखाणावे हे सोपे आहे. प्रत्यक्षात लिंपण-सारवणाचे काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्या वाट्याला आले. शेण गोळा करणे, माती वाहणे, गुडघ्यांवर बसून अंगण सारवणे यात कष्ट होते आणि त्याला प्रतिष्ठा नव्हती. पावसात पडणारी भिंत ही गरिबीची खूण होती. म्हणून संधी मिळताच खेड्यातील कुटुंबाने पक्के घर बांधले तर त्याला अभिरुचीचा ऱ्हास म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

हा आक्षेप मान्य केला पाहिजे. किंबहुना तो मान्य केल्यावरच सेवाग्रामच्या भिंतीचे वेगळेपण स्पष्ट होते. तेथे माती ही परिस्थितीने लादलेली नव्हती, निवडलेली होती. लिंपणाचे काम बाईचे आणि हलके या समजुतीला आश्रमाच्या श्रमव्रताने निदान तत्त्वतः छेद दिला. तो व्यवहारात किती गेला हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. परंतु यातून समीक्षेवर एक जबाबदारी येते. मीराबेन यांचे नाव आपण घेतो. त्यांच्यानंतर ती भिंत ज्यांनी लिंपली त्या हातांची नावे आपल्या कलेतिहासात नाहीत. ‘कृती टिकवणे म्हणजे कलाकृती टिकवणे’ हे जर खरे असेल तर ते हात सहकर्त्यांचे ठरतात, सेवकांचे नव्हेत. त्यांना योग्य मोबदला आणि श्रेय मिळाल्याशिवाय मातीच्या सौंदर्याविषयीचे आपले सारे बोलणे पोकळ राहील.

८. समारोप

सेवाग्रामची भिंत लिंपल्याने, गोपुरीची शिळा चालत वाचल्याने आणि पवनारचा पट पूजल्याने पूर्ण होतो. आणि तिन्ही ठिकाणी पोहोचण्याची वाट चालल्याने पूर्ण होते. कृतीपासून तोडलेली वस्तू म्हणून पाहिले तर भिंत साधी, शिळा एकसुरी आणि पट झिजलेला वाटेल. या तिघांत सेवाग्रामचे उठावशिल्प सर्वांत नाजूक आणि कलादृष्ट्या सर्वांत सुसंगत आहे. गोपुरीची कल्पना तिच्या सिद्धीपेक्षा मोठी आहे. पवनारचे शिल्प विद्वानांच्या वादात अनिर्णित असूनही स्थळाशी सर्वांत घट्ट बांधलेले आहे.

यातून काही व्यावहारिक सूचना पुढे येतात आणि त्या महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहेत. सेवाग्रामच्या भिंतीच्या प्रत्येक लिंपणाची, मातीच्या मिश्रणाची आणि ते करणाऱ्या व्यक्तींची, त्यांची संमती घेऊन, नोंद ठेवता येईल. वर्ध्यातील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रासारख्या, मातीच्या बांधकामावर काम केलेल्या संस्थांच्या अनुभवाची जोड त्याला देता येईल. मराठी, इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांना एकत्र घेऊन सेवाग्राम ते पवनार हा पायी अभ्यासदौरा दर वर्षी काढता येईल. त्यात विद्यार्थ्यांनी एक दिवस माती मळावी, एक अध्याय चालत वाचावा आणि एका पटासमोर बसून मिराशींचे मत व त्यावरील आक्षेप दोन्ही समजून घ्यावेत. अशा दौऱ्याला निधी फारसा लागत नाही. लागते ती पावसाळा संपल्यानंतरची एक सकाळ आणि सावली देणारी वाट. ती वाट शिल्लक ठेवणे हे मात्र केवळ महाविद्यालयांच्या हाती नाही.